आग पाहिलेली तिजोरी

तिजोऱ्यांच्या दुकानात शिरल्या शिरल्या थोरला पहिल्या तिजोरीपाशी गेला आणि बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केली. मान तिरकी करून ऐकलं. मग दुसरीवर टकटक, तिसरीवर टकटक. दुकानातली बाई टेबलामागून बघत होती.

"आजोबा, आत कोणी नाहीये," ती म्हणाली.

धाकटा फसकन हसला. थोरल्याची लेकही हसली, पण तोंड फिरवून.

"आजोबा कोणाला म्हणता?" थोरला म्हणाला. "अजून मूस उचलतो मी. पन्नास किलोची."

"अर्धी," धाकटा म्हणाला. "दुसरं टोक माझ्या हातात असतं."

ते खरंच होतं. दोघे भाऊ घंटा ओतायचे. शाळांच्या, जहाजांच्या, मनोऱ्यांच्या, कारखान्यांच्या फाटकावरच्या. वितळलेल्या धातूने भरलेली मूस लांब दांड्याच्या कड्यात बसवायची, एकाने पुढचं टोक धरायचं, दुसऱ्याने मागचं, आणि भट्टीपासून साच्यापर्यंत अकरा पावलं चालायची. या अकरा पावलांचा एकच नियम होता : पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. पुढच्याने बघायची ती वाट, आणि मूस सावरायची ती मागच्याने. पुढचा वळला की दांडा कलतो, दांडा कलला की धातू सांडतो, आणि सांडलेला धातू पाय कोणाचा हे विचारत नाही. चौतीस वर्षं थोरला पुढे चालला होता, धाकटा मागे. इतक्या वर्षांत थोरल्याने एकदाही मान वळवली नव्हती.

तिजोरी हवी होती ती पैशाअडक्यासाठी नव्हे. घंटेचा आवाज तिच्या घाटात असतो. घाट एका लाकडी फळीत कापलेला असतो. ती फळी मातीवर गोल फिरवली की साच्याला घंटेचा आकार येतो. वडिलांनी आणि थोरल्याने मिळून अशा दोनशे बारा फळ्या केल्या होत्या. कुठल्या शाळेची घंटा तडकली तर यायचे लोक आणि म्हणायचे, "तोच आवाज हवा." फळी काढली की तोच आवाज मिळायचा. मग वाळवी लागली. आधी माळ्याला, मग फळ्यांना. थोरल्याची लेक हिशोबी डोक्याची आणि शिकलेली. सगळ्यांच्या चुका काढायची म्हणून ओतशाळेत तिचं नाव मास्तरीण पडलं होतं. तिने वर्षभर बसून एकेक फळी यंत्राने मोजली, जिवंत असलेल्या घंटांचे आवाज टिपले आणि दोन डिस्कांत भरलं, प्रत्येकीत सगळंच्या सगळं. तळहाताएवढ्या दोन डब्या. त्यानंतर वाळवी छपरात चढू नये म्हणून फळ्या भट्टीत घातल्या. त्या जळताना थोरला तिथे थांबला नाही.

"यांची आणखी एक प्रत बाहेर कुठेतरी ठेवू या, बाबा," मास्तरीण म्हणाली होती. "मावशीकडे ठेवू. नाहीतर बँकेत."

"घाट उंबऱ्याबाहेर जात नाही," थोरला म्हणाला होता. वडिलांचा हा शब्द होता आणि तो त्याने तसाच पुढे चालवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." मास्तरीण वाद घालण्यात पटाईत होती, पण शपथेपुढे गप्प बसली.

म्हणून तिजोरी. आग न लागणारी.

"आग न लागणारी तिजोरी नसते," दुकानातली बाई म्हणाली. "आग सोसणारी असते. आणि तीही कशासाठी, किती वेळ, ते आधी ठरवावं लागतं. काय ठेवणार आहात?"

थोरल्याने सगळ्यात जाड, सगळ्यात अवजड तिजोरीवर हात ठेवला होता. "हिचा आवाज भरीव आहे. हीच द्या."

"तिच्यात कागद ठेवणार असाल तर घेऊन जा, डोळे मिटून. डिस्क ठेवणार असाल तर मी विकणार नाही."

"का? कागदापेक्षा डिस्क काय नाजूक आहे? लोखंडी डबी आहे ती."

बाई उठून आली. तिचा आवाज रोज तेच सांगणाऱ्या माणसाचा होता, पण कंटाळलेला नव्हता. "बाहेर हजार अंश असले तरी या तिजोरीच्या आत पावणेदोनशेच्या वर जात नाही. तेवढ्याला कागद पिवळा पडेल, पण जळणार नाही. तुमची डिस्क मात्र बावन्न-पंचावन्नलाच गेली. डबी दिसेल धडधाकट, पण आतलं सगळं पुसलेलं. शिवाय ही तापली की आतून वाफ सोडते. ती वाफ कागदाला चालते, डिस्कला नाही."

थोरल्याने कोटाच्या खिशात हात घालून मेणाचा गोळा बाहेर काढला. घंटेवरची अक्षरं मेणात वळतात. तो गोळा त्याच्या खिशात असायचाच, जसा दुसऱ्याच्या खिशात रुमाल. "आमचं मेण पन्नाशीला मऊ पडतं," तो म्हणाला, "आणि साठीला पाणी."

"माणसाचंही तसंच असतं," धाकटा म्हणाला.

"तुझी पन्नाशी झाली की बघू." थोरल्याने गोळा बाईपुढे धरला. "म्हणजे मेण टिकलं तर डिस्क टिकली. असंच ना?"

"हे मला चाळीस गिऱ्हाइकांना सांगता आलं नव्हतं," बाई म्हणाली. "हो. असंच."

मग तिने कोपऱ्यातली एक बुटकी, गुडघ्याएवढी तिजोरी दाखवली. दार उघडलं तर आत दुसरी पेटी, तिलाही दार, आणि दारांच्या कडेने रबरी पट्टी. थोरल्याने टकटक केली. आवाज भद्द आला. त्याला ती आवडली नाही. पण ज्या गोष्टीतलं कळत नाही तिथे नाक खुपसू नये, एवढं त्याला कळत होतं. फक्त पारखल्याशिवाय कुठली वस्तू घरात घ्यायची नाही ही खोडही होती.

"भट्टीत घालून बघतो," तो म्हणाला.

"काय?"

"साचे वाळवायची मोठी भट्टी आहे आमच्याकडे. आत मेण ठेवतो, तासभर तापवतो. टिकलं मेण, तर तिजोरी खरी."

बाईने कपाळाला हात लावला. "अहो, ही एकदाच वापरायची वस्तू आहे! हिच्या भिंतीत जो भराव आहे त्यात पाणी बांधलेलं असतं. आग लागली की ते पाणी वाफ होऊन उष्णता पितं. एकदा प्यायलं की संपलं. मग ती नुसती लोखंडाची पेटी. तुम्ही तपासलीत की ती कामातून गेली."

"बाबा, खरं आहे ते," मास्तरीण म्हणाली. तिने सोबतचा माहितीचा कागद मोठ्याने वाचून दाखवला. तेच लिहिलं होतं : एकदा आग सोसलेली तिजोरी पुन्हा वापरू नये. धाकटा शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं आणि मान डोलावली.

थोरल्याने दाढी खाजवली. "मग दोन द्या. एक जाळायला, एक ठेवायला."

"दादा, दोन?" धाकटा म्हणाला. "एवढा पैसा भट्टीत घालायचा?"

"दोनशे बारा फळ्या भट्टीत घातल्या," थोरला म्हणाला. "तेव्हा नाही विचारलंस."

*

तपासणी त्याच आठवड्यात झाली. बुटकी तिजोरी ढकलगाडीवरून भट्टीत नेली. आत पेटीत थोरल्याने मेणाचा गोळा ठेवला आणि त्यावर अंगठा दाबून ठसा उठवला. तासभर भट्टी लाल होती. मग दीड दिवस ती निवायची वाट बघितली, कारण तापलेल्या तिजोरीचं दार उघडू नये असं बाईने तीनदा बजावलं होतं. उघडली तेव्हा बाहेरचा रंग फोड येऊन गळाला होता, रबरी पट्टी चघळल्यासारखी झाली होती. आणि आत मेणाच्या गोळ्यावर थोरल्याचा अंगठा रेषा न् रेषा जसाच्या तसा होता.

"शाबास!" थोरला म्हणाला. तिजोरीला म्हणाला की बाईला, ते कळलं नाही.

आणि मग त्याने जे केलं ते विचार करून केलेलं नव्हतं. ओतशाळेत जी घंटा परीक्षेतून जाते तिच्या ओठाच्या आतल्या बाजूला पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, एक ठिपका मारायचा, ही वडिलांपासूनची रीत. तो ठिपका म्हणजे हिची परीक्षा झाली, पुन्हा करायची नाही. थोरल्याने छिन्नी-हातोड्यांतला पंच उचलला, तिजोरीच्या खालच्या बिजागरीखाली टेकवला आणि एक घाव घातला. टक्. हात आपोआप चालला. कोणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

"ही भंगारात दे," तो धाकट्याला म्हणाला. "आणि नवी कचेरीच्या खोलीत बसव. जमिनीत बोल्ट मारून."

"तू जा निश्चिंत, दादा. डोळ्यांत तेल घालून बसवतो."

"तेल तू घाल. माझ्या डोळ्यांत डॉक्टर घालणार आहेत."

दुसऱ्याच दिवशी थोरल्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. दहा दिवस आगीजवळ फिरकायचं नाही, असा हुकूम. मास्तरीण त्याच्याजवळ. त्या दहा दिवसांत ओतशाळा एकट्या धाकट्याकडे होती.

परत आला तेव्हा तिजोरी जागेवर होती. करडा रंग, बोल्ट घट्ट, डिस्का आतल्या पेटीत. नवी दृष्टी आलेल्या थोरल्याला सगळंच चकचकीत दिसत होतं. त्याने वाकून वास घेतला.

"रंगाचा वास येतोय."

"नवीन वस्तू आहे," धाकटा म्हणाला. "वास येणारच."

थोरल्याने खिशातून मेणाचा गोळा काढला, अंगठा दाबला आणि डिस्कांशेजारी ठेवला. "हा राखणदार," तो म्हणाला. दोन किल्ल्या होत्या. एक त्याने कमरेला लावली, एक धाकट्याला दिली. ही गोष्ट नंतर त्याला पुन्हा पुन्हा आठवायची : धाकट्याने किल्ली घेतली ती खाली बघून. पण माणूस किल्ली खाली बघूनच घेतो. तेव्हा त्यात वावगं ते काय दिसणार?

*

सात महिन्यांनी भर दुपारी आग लागली. ओतशाळेची आग ओतशाळेला कधी लागली नव्हती; लागली ती शेजारच्या गाद्या भरायच्या कारखान्यातून. वाऱ्याने लोळ भिंतीवरून आला आणि कचेरीची खोली तासाभरात बसली. संगणक गेला, टेबल गेलं. माणसाला इजा झाली नाही, भट्टीही वाचली. बंबवाले काळ्या पाण्यातून बाहेर आले तेव्हा थोरला त्यांना विचारत होता, "बुटकी तिजोरी आहे ना जागेवर?"

"आहे. राखेत बसलीय."

"मग झालं," थोरला म्हणाला. लोक हळहळत होते आणि हा माणूस सगळ्यांना धीर देत होता. "भिंती काय, बांधता येतात." धाकटा मात्र एका दगडावर बसून होता, तोंड काळं, हात गुडघ्यांवर. थोरल्याने त्याला स्वतःच्या हाताने पाणी पाजलं. "अरे, आपलं खरं धन तिजोरीत आहे," तो म्हणाला.

दोन दिवस तिजोरी निवू दिली. त्या दोन दिवसांत एका शाळेची माणसं येऊन गेली. त्यांची साठ वर्षांपूर्वीची घंटा तडकली होती, वडिलांच्या हातची. "तोच आवाज देतो," असा शब्द थोरल्याने राखेत उभं राहून दिला.

तिसऱ्या दिवशी मास्तरिणीने किल्ली फिरवली. दार पहारीने उचकटावं लागलं. आतल्या पेटीतून कोंदट, ओला वास आला.

मेणाचा गोळा नव्हता. पेटीच्या तळाला मेण पातळ पसरून थिजलं होतं आणि त्यात दोन्ही डिस्का रुतल्या होत्या. एकीचं आवरण वाकलं होतं. थोरल्याने त्या मेणावरून बोट फिरवलं. अंगठ्याचा ठसा कुठेच नव्हता.

मास्तरिणीने डिस्का पुसल्या, वाळवल्या, जाणत्या माणसाकडे नेल्या. संध्याकाळी परत आली ती रिकाम्या चेहऱ्याने. "काहीच उरलं नाही, बाबा."

थोरला म्हणाला, "त्या बाईने फसवलं."

*

सकाळी तो दुकानात उभा होता. या वेळी टकटक केली नाही. थिजलेल्या मेणाचा तुकडा त्याने टेबलावर ठेवला.

"हे बघा तुमचं मेण! एक खरी तिजोरी दाखवायला ठेवता आणि दुसरी पोकळ विकता? म्हाताऱ्याच्या तोंडाला पानं पुसलीत!"

बाईने रागावून उत्तर दिलं नाही. तिने मेण हातात घेतलं. "आग किती वेळ होती?"

"तासभर," मास्तरीण म्हणाली. "तितकाही नाही कदाचित."

"फोटो आहे?"

मास्तरिणीने मोबाइल पुढे केला. बाईने फोटो मोठा केला, पुन्हा मोठा केला, दाराच्या कडेशी थांबली. "ही रबरी पट्टी आमची नाही," ती म्हणाली. "आमची खाचेत बसलेली असते. ही वरून चिकटवलीय, बाजारातून आणून. पट्टी कोणी बदलली?"

"कोणी नाही. नवी तिजोरी होती."

"आजोबा," बाई म्हणाली, आणि या वेळी थोरल्याला ते हाक मारणं टोचलं नाही, "तुम्ही भट्टीत घातलेली दुसरी तिजोरी कुठे आहे?"

"भंगारात."

"तुम्ही स्वतः दिलीत?"

मास्तरीण वडिलांकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर तो भराभर चालला. राखेत शिरला, गुडघे टेकले आणि तारेचा ब्रश घेऊन खालच्या बिजागरीखालचं काळं घासायला लागला. काजळी निघाली. तिच्याखाली करडा रंग होता. त्याखाली आणखी एक रंग होता, फोड आलेला, जुना. तोही निघाला.

लोखंडात एक ठिपका होता. नीट, गोल, एका घावाचा.

आपल्या हाताचा घाव माणूस ओळखतो. थोरल्याने त्यावर अंगठा ठेवला आणि तसाच बसून राहिला. मास्तरिणीला वाटलं, तो रडेल. तो रडला नाही. "दोन हात रंग दिलाय," तो म्हणाला. "मधे पॉलिश कागद मारलाय. काम चांगलं केलंय." मग, "मीच शिकवलंय."

*

धाकट्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. धाकट्याच्या बायकोने दार उघडलं, नेहमीसारखं हसून "या भाऊजी" म्हणाली, आणि थोरल्याच्या काळ्या गुडघ्यांकडे बघून तिचं हसू तिथेच थांबलं.

"कुठे आहे?" थोरल्याने विचारलं.

"आत आहेत, जेवायला बसतायत..."

"तो नाही. तिजोरी."

ती पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि आतूनच दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली, "मी म्हटलं होतं, सांगून टाका." दबका असला तरी घंटा ओतणाऱ्याचा कान तो, थोरल्याला शब्द न् शब्द ऐकू आला. म्हणजे हे घरभर माहीत होतं. याच घरात तो दर आठवड्याला येऊन बसत होता, चहा पीत होता.

आतल्या खोलीत भिंतीशी एक बुटकी वस्तू होती. तिच्यावर फुलांचं कापड, कापडावर फुलदाणी. थोरल्याने फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली, कापड दूर केलं. करडी तिजोरी. बिजागरीखाली गुळगुळीत.

"उघड," तो म्हणाला.

धाकटा दारात उभा होता. "दादा, बस तरी."

"उघड."

धाकट्याने उघडली. आतल्या पेटीत मुलांची प्रमाणपत्रं होती, घराचे कागद होते, बायकोच्या बांगड्यांची डबी होती. आणि त्यांच्याखाली तळहाताएवढ्या दोन डब्या.

मास्तरिणीच्या तोंडून "काका!" एवढंच निघालं.

कोणी काही विचारण्याआधी धाकटाच बोलायला लागला, मूस कलंडावी तसा. "तू ऑपरेशनला होतास तेव्हा घेतली प्रत. मी वेगळा होणार होतो. शहराबाहेर एक शेड बघितलीय. तुला सांगणारच होतो... दर महिन्याला सांगणार होतो. चौतीस वर्षं मी मागचं टोक धरलं. घंटेवर नाव तुझं. गिऱ्हाईक आलं की, थोरले आहेत का? मी समोर उभा असलो तरी, थोरले आहेत का? मला वाटलं, पन्नाशीनंतर तरी एक घंटा माझ्या नावाची असावी."

"मागितलं असतंस तर?"

"घाट उंबऱ्याबाहेर जात नाही," धाकटा म्हणाला. "तूच म्हणाला असतास. पाठ आहे मला."

थोरला तेच म्हणाला असता.

"प्रत घेतलीस," तो शेवटी म्हणाला. "ते मी समजू शकतो. चोरी आहे, पण समजू शकतो. ही इथे का आणलीस?"

"प्रत सुरक्षित राहावी म्हणून."

"आणि तिथे जळकी ठेवलीस."

"दादा, चाळीस वर्षांत आपल्याकडे आग लागली नव्हती. मला वाटलं, तिथे काय होणार आहे? आग लागेल असं वाटलंच नाही रे."

"मग तुझ्या घरात चांगली कशाला लागली?"

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, ती तशीच मागे फिरली. धाकटा आपल्या हातांकडे बघायला लागला, जणू उत्तर तिथे कुठेतरी लिहिलं होतं.

"त्या दिवशी मी तुला पाणी पाजलं," थोरला म्हणाला. "मला वाटलं, तू घाबरलायस."

"घाबरलोच होतो."

"हो. पण कशाला, ते मला माहीत नव्हतं."

धाकट्याने खाली वाकून दोन्ही डिस्का काढल्या आणि भावासमोर धरल्या. "दोन्ही ने. मी शेडचं सोडतो. सगळं तुझं. दादा, घाट वाचले ना? वाचले की नाही? माझ्यामुळे का होईना..."

हे मात्र थोरल्याला सहन झालं नाही, कारण ते खरं होतं. लेकीने शपथ पाळली आणि सगळं जळालं. भावाने उंबरा मोडला, आणि दोनशे बारा फळ्या जिवंत होत्या, बांगड्यांच्या डबीखाली. ही गाठ त्याच्याने सुटेना. त्याने एक डिस्क उचलली. दुसरी धाकट्याच्या हातातच राहू दिली.

"एक पुरे," तो म्हणाला. "दुसरी तुझी. तुझी शेड घे, तुझं नाव टाक. उंबऱ्याचा शब्द आजपासून माझ्याकडून संपला. पोरी, याच्या चार प्रती कर आणि चार घरांत ठेव."

"आणि आपल्यात, दादा?"

थोरल्याने फुलदाणी खिडकीतून उचलली, तिजोरीवर होती तशी ठेवली, कापड सारखं केलं आणि चपला घालायला लागला.

*

शाळेच्या घंटेचा दिवस आला. डिस्कमधल्या मापावरून नवी फळी कापली होती, मास्तरिणीने संगणकावर जुन्या घंटेचा आवाज तीनदा ऐकवला होता, साचा खड्ड्यात तयार होता. जळालेल्या कचेरीच्या जागी ताडपत्री होती. भट्टीचा आवाज बदलला, म्हणजे धातू तयार झाला, तेव्हा धाकटा आला.

कोणी बोलावलं नव्हतं. पण ओतण्याच्या दिवशी तो आला नाही असं चौतीस वर्षांत झालं नव्हतं, आणि पायांना सवय असते. त्याने खुंटीवरचे आपले चामडी हातमोजे काढले, घातले, आणि दांड्याच्या मागच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. ओतशाळेतली माणसं दुसरीकडे बघायला लागली.

थोरला पुढच्या टोकाशी उभा होता, पाठ करून. चौतीस वर्षं अशी पाठ करून तो उभा राहिला होता. आज त्याने मान वळवली. भावाकडे पाहिलं, मुशीवरून, दांड्याच्या पूर्ण लांबीवरून.

"मास्तरीण," तो म्हणाला. "तू धर मागचं."

ती गडबडली. "बाबा, मी कधी धरलं नाही..."

"मोकळ्या मुशीने आठवडाभर सराव करतेयस. अकरा पावलं आहेत. मी हळू चालेन."

ती पुढे झाली. धाकट्याने टोक सोडलं नाही लगेच. मग सोडलं. हातमोजे काढून तिला दिले. तिला ते मोठे झाले. तो मधेच उभा राहिला, रिकाम्या हातांनी, भट्टीच्या उजेडात, आणि कुठे उभं राहावं हे त्याला कळेना. वाटेत त्याचाच अडथळा होत होता.

"दादा," तो म्हणाला. "मी काय करू?"

ओतताना दार उघडं धरायला कोणीतरी लागतं, धूर बाहेर जावा म्हणून. ते काम पाहुण्याला देतात, काही न येणाऱ्याला.

"दार धर," थोरला म्हणाला.

धाकट्याने जाऊन दार धरलं. थोरल्याने पुन्हा पाठ केली, "उचल," म्हटलं, आणि पहिलं पाऊल टाकलं. चौथ्या पावलाला दांडा किंचित हलला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण मान वळली नाही. सातव्याला पुन्हा हलला. मागून लेक म्हणाली, "आहे, बाबा, आहे." अकराव्या पावलाला ते साच्यापाशी होते.

धातू आत गेला, भरला, थांबला. सगळ्यांनी श्वास सोडला. कोणीतरी हसलं, कोणीतरी मास्तरिणीच्या पाठीवर थाप मारली, कोणी चहाचं म्हणालं. दार सोड, असं धाकट्याला सांगायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. तो ते धरून उभा होता.